पुण्यात हायब्रिड गाडी घ्यायचीय? कोटेशन घेण्याआधी हे वाचा

आम्ही वारज्यात राहतो, ऑफिस हिंजवडीला, सासर-माहेर दोन्ही साताऱ्याकडे. म्हणजे आठवडाभर बायपासवर रांगत जायचं आणि महिन्यातून एकदा खंबाटकी चढायची. जुनी पेट्रोल ऑटोमॅटिक दहा वर्षांची झाली तेव्हा ठरवलं की आता हायब्रिड बघायची, आणि मग जे काय सुरू झालं ते आठ महिने संपलंच नाही. चार शोरूम, अकरा टेस्ट ड्राइव्ह, घरात तीन मोठी भांडणं (त्यातलं एक फक्त रंगावरून). एवढं सगळं झाल्यावर कळलं की यातलं निम्मं मी उलट्या क्रमाने केलं होतं. आधी गाडी पसंत केली, मग अ‍ॅव्हरेज बघितलं, मग हिशोब केला. तुम्ही असं करू नका म्हणून हे लिहितेय.

एक आधीच सांगते, "सगळ्यात भारी हायब्रिड कुठली" याचं उत्तर इथे नाहीये. तुमच्या रस्त्यावर कुठली परवडते ते कसं शोधायचं, एवढंच आहे.

सुरुवातीला जवळ काय पाहिजे

एक वही किंवा मोबाईलमधली नोट. शेवटच्या तीन-चार महिन्यांच्या पेट्रोलच्या पावत्या (नसतील तर यूपीआयची हिस्ट्री काढा, पंपावाल्याची सगळी पेमेंट्स त्यात सापडतात). मोजपट्टी, हो खरंच, पार्किंग मोजायला. आणि घरातला असा एक माणूस ज्याला गाड्यांचं अजिबात वेड नाही. आमच्याकडे ते काम सासूबाईंनी केलं आणि सगळ्यात कामाचे प्रश्न त्यांनीच विचारले.

१. "हायब्रिड" म्हणजे नक्की कुठलं, ते पहिल्यांदा विचारा

पहिला गंडवागंडवीचा मुद्दा हाच. एकाच नावाची गाडी, एकाच शोरूममध्ये, दोन प्रकारात उभी असते आणि दोन्हींना सेल्समन हायब्रिडच म्हणतो.

माइल्ड हायब्रिड म्हणजे साधी पेट्रोल गाडी, फक्त तिच्यात जरा मोठा स्टार्टर-जनरेटर आणि छोटी जास्तीची बॅटरी असते. सिग्नलला इंजिन बंद होतं, निघताना थोडा हातभार लागतो. पण नुसत्या बॅटरीवर ती चालत नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझला हे दिलं तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे आहे आणि नुसतं "स्मार्ट हायब्रिड" असं काही मागे लिहिलेलं दिसलं की बहुतेक तो हाच.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एवढी मोठी असते की गाडी इंजिन बंद ठेवून खरोखर चालते. ट्रॅफिकमध्ये सरकताना इंजिन बंद, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना बंद. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर होऊन बॅटरी भरते. इंजिनपण वेगळ्या पद्धतीचं असतं, त्याला अ‍ॅटकिन्सन सायकल म्हणतात, ते ताकद जरा कमी देतं पण पेट्रोल कमी पितं आणि कमी पडलेली ताकद मोटर भरून काढते.

या लेखात पुढे हायब्रिड म्हणजे स्ट्राँग. ओळखायची सोपी खूण सांगते, सेल्समनला विचारा "इंजिन बंद ठेवून ही पार्किंगमधून बाहेर निघेल का?" तो अडखळला की समजा.

आणि हो, याला चार्जिंग लागत नाही. प्लगच नाहीये. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला "चार्जिंग पॉइंट मिळणार नाही" असं लेखी कळवलं होतं, मी मागितलाच नव्हता. नंबरप्लेटपण नेहमीसारखी पांढरीच येते, हिरवी फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला.

२. गाडी बघण्याआधी स्वतःचा रस्ता मोजा

ही पायरी मी सहाव्या महिन्यात केली. तुम्ही पहिल्या आठवड्यात करा.

दोन आठवडे लिहून ठेवा: रोज किती किमी, त्याला किती वेळ लागला, आणि त्यातलं हायवेचं किती. माझं निघालं ते असं, वर्षाला साधारण १२,२०० किमी, त्यातले ९,६०० च्या आसपास वारजे-हिंजवडी आणि गावातली कामं, उरलेले सातारा. सकाळी चांदणी चौक ते वाकड या पट्ट्यात माझा सरासरी वेग सायकलवाल्याच्या जवळपास होता, लाज वाटली बघून.

हे का मोजायचं? कारण हायब्रिडचा फायदा ब्रेक मारण्यात आहे. जितकं थांबा-निघा जास्त, तितकी ती जिंकते. एक्सप्रेसवेवर १०० ने एकसारखी पळवली तर ब्रेक नाहीत, म्हणजे बॅटरीला फुकटचा चारा नाही, सगळं काम इंजिनच करतं. डिझेलच्या बरोबर उलटं आहे हे. सिंहगड रोड, हिंजवडी, नगर रोड, विद्यापीठ चौक असल्या रस्त्यांवर रोज अडकणाऱ्यासाठी हायब्रिड आहे. जो माणूस दर शनिवारी कोल्हापूर आणि रविवारी परत, बाकी आठवडा घरून काम, त्याने जरा थांबून विचार करावा.

३. टेकडीवरचा आकडा आणि खालचा रस्ता

आपल्याकडे सगळे जो आकडा फेकतात तो "एआरएआय मायलेज". गंमत म्हणजे ही संस्था आपल्याच पुण्यातली, १९६६ पासूनची, वेताळ टेकडीवर. आपण सकाळी फिरायला जातो ती एआरएआय टेकडी म्हणजे तीच. देशभरातले लोक ज्या आकड्यावर भांडतात तो ठरवणारी संस्था तिथे वर आहे आणि खाली पौड रोडला गाड्या त्या आकड्याची थट्टा करत उभ्या असतात.

त्यांचा आकडा खोटा नसतो, हे समजून घ्या. गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या पॅटर्नने वेग वाढवत-कमी करत, कमाल ९० किमीपर्यंत नेत चाचणी होते. सगळ्या गाड्यांना तीच परीक्षा. म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो आकडा चांगला, पण तुमच्या खिशाचा हिशोब करायला उपयोगाचा नाही, कारण त्या परीक्षेत मे महिन्याचं ऊन नाही, फुल एसी नाही, पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत.

मग खरा आकडा कसा काढायचा? टाकी ते टाकी. पंपावर ऑटो कट होईपर्यंत भरा (त्यानंतर "राउंड फिगर करू का मॅडम" ला नाही म्हणायचं), ट्रिप मीटर शून्य करा, तीनशे-चारशे किमी नेहमीसारखी चालवा, त्याच पंपावर त्याच मशीनवर परत ऑटो कटपर्यंत भरा. किमी भागिले लिटर. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, माझ्या अनुभवात तो एक-दीडने आशावादीच असतो.

"पण विकत घ्यायच्या आधी टाकी ते टाकी कशी करणार?" हाच प्रश्न मलापण पडला होता. उत्तर एकदम सोपं निघालं, सेल्फ-ड्राइव्हवाल्यांकडून तीच गाडी भाड्याने घ्यायची. मी एका ग्रँड विटारा हायब्रिडला शुक्रवार ते सोमवार घेतलं, दोनदा हिंजवडी, एकदा सातारा. पैसे गेले, पण पंधरा-वीस लाखांच्या निर्णयापुढे ते काहीच नाहीत. गावात २१ मिळालं, साताऱ्याला ९०-१०० ने जाऊन-येऊन १९. कंपनीचा आकडा २७.९७ आहे. नाराज व्हायचं कारण नाही, माझी जुनी गाडी त्याच बायपासवर साडेदहा द्यायची.

४. यादी छोटी आहे, ती मोठी करू नका

भारतात स्ट्राँग हायब्रिड फार नाहीत, त्यामुळे तुलना सोपी आहे.

ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर: दोघी २०२२ च्या, कपडे वेगळे पण आतून बहिणीच. दोन्ही कर्नाटकात बिदादीला टोयोटाच्या कारखान्यात बनतात, आणि हायब्रिड सिस्टीम टोयोटाचीच. दीड लिटर, तीन सिलिंडर, मोटर धरून ११६ च्या जवळपास पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). कंपनीचा आकडा दोघींचा २७.९७. यात निवड करायची ती शोरूम, सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती लांब, वॉरंटी आणि वेटिंग यावर, अ‍ॅव्हरेजवर नाही.

होंडा सिटी ई-एचईव्ही: हीपण २०२२ ची. सेडान, चार सिलिंडर, १२६ पीएस, आल्या वेळी कंपनीचा आकडा २६.५ होता. हिचं डोकं वेगळं चालतं. बहुतेक वेळ इंजिन फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते, हायवेला एकसारख्या वेगात मात्र क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. चालवायला यादीतली सगळ्यात छान हीच, माझं मत.

इनोव्हा हायक्रॉस आणि तिचीच मारुतीवाली बहीण इन्व्हिक्टो: दोन लिटर, सात-आठ माणसं, २३.२४ चा दावा. एवढ्या मोठ्या गाडीला हा आकडा म्हणजे कमालच, पण ४.७५ मीटर लांब आहे, हे पार्किंग मोजताना लक्षात ठेवा.

मारुतीची व्हिक्टोरिस २०२५ मध्ये आली, हायब्रिडचा आकडा २८.६५. आतलं गणित ग्रँड विटारासारखंच. कॅमरी वगैरे माझ्या बजेटच्या पलीकडे, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

५. टेस्ट ड्राइव्ह: सेल्समनच्या रस्त्याने जाऊ नका

ते तुम्हाला शोरूममधून डावीकडे, मोकळा सर्व्हिस रोड, यू टर्न, परत, असं दहा मिनिटांत फिरवून आणतात. बॅटरी आधीच भरलेली, एसी आधीच थंड. सगळ्याच गाड्या छान वाटतात.

मी पाचव्या टेस्टपासून हे सुरू केलं. दुपारी दोनची वेळ घ्यायची. एसी फुल. चार माणसं बसवायची. आणि चढ मागायचा, बावधनकडून वर येणारा किंवा कात्रजचा जुना घाट, जो जवळ असेल तो. चढाला जोर लावला की इंजिनचा आवाज एकदम वर जातो आणि गाडीचा वेग मात्र आपला हळूहळू वाढतो, याची सवय नसेल तर "क्लच स्लिप होतोय की काय" असं वाटतं. बिघाड नाहीये, सिस्टीमचा स्वभाव आहे. पण हा आवाज तुम्हाला रोज सहन होईल का ते तुम्हीच ठरवा, तीन सिलिंडरवाल्यात तो जास्त जाणवतो, नवऱ्याला चालला, मला नाही.

मग उतार. ब्रेकच्या ऐवजी बी मोड (गिअरच्या दांड्यावरचं "बी") लावून बघा, गाडी स्वतःच धरून धरून उतरते आणि बॅटरी भरते. खंबाटकीसारख्या लांब उतारावर मध्येच बॅटरी फुल होते आणि मग इंजिन विनाकारण ओरडायला लागतं, पहिल्यांदा झालं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली होती. घाबरू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही म्हणून ती इंजिन फिरवून वेग धरून ठेवते, एवढंच.

आणि डिकी उघडा. फोटोवर जाऊ नका, घरून खरी बॅग घेऊन जा. बॅटरी मागे असल्यामुळे जागा जाते: ग्रँड विटारा हायब्रिडची डिकी २६५ लिटर, तिच्याच माइल्डची ३७३. सिटीची ५०६ वरून ३०६. साताऱ्याहून येताना आमच्याकडे तांदूळ, नारळ, काकडीचं पोतं आणि "हे पण घेऊन जा" असं सगळं असतं, हा मुद्दा सासूबाईंनी काढला आणि सिटीचं तिकीट तिथेच कापलं गेलं.

६. दिसणं

यावर सगळे म्हणतात "ते ज्याचं त्याचं". बरोबर आहे, पण तरी थोडं बोलते कारण आमची सगळ्यात जास्त भांडणं इथेच झाली.

सिटी माझ्या डोळ्याला सगळ्यात नीट. सेडान ती सेडान, लांबसडक, कुठे उगाच क्रोमचा मळवट नाही. पण ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, १६५ मिमी, आणि आमच्या सोसायटीच्या रॅम्पला कोणीतरी रागाच्या भरात बांधल्यासारखा स्पीडब्रेकर आहे. ग्रँड विटाराची २१० आहे. चार माणसं बसवून तुमच्या स्वतःच्या रॅम्पवरून नेऊन बघा, शोरूमचा रॅम्प मुलायमच असतो.

ग्रँड विटारा पुढून जाडजूड, दिवे खाली बंपरमध्ये, त्यामुळे बाइकवाल्याच्या हँडलला नेमके तेच लागतात. हायरायडर तीच गाडी असून मला जरा शांत वाटते. हायक्रॉसला कोणी सुंदर म्हणणार नाही, पण ती समोर येऊन उभी राहिली की घरातली मोठी माणसं "आता गाडी घेतल्यासारखी वाटते" म्हणतात, त्याचं काय करणार.

रंगाचं एकच सांगते. पुण्यात मेट्रोची, रस्त्याची, बांधकामाची अशी सगळी धूळ आहे. काळी गाडी शोरूममध्ये राजासारखी दिसते आणि तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. आम्ही राखाडी घेतली. ड्युअल टोनचे वरचे पैसे वाचवा, काळ्या छताखाली एप्रिलमध्ये बसून बघा मग कळेल.

पेठेत राहत असाल तर दिसण्याआधी लांबी. ग्रँड विटारा ४.३४ मीटर, हायरायडर ४.३६, सिटी त्यापेक्षा वीतभर लांब. नणंदेच्या घरी सदाशिव पेठेत मोजपट्टी घेऊन गेलो होतो, जुन्या वाड्याच्या जागेवर झालेली बिल्डिंग, खांब असे की ४.४ च्या वर गेलात तर शेजाऱ्यांशी बोलणं बंद.

७. भरवसा: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

सगळ्यात पहिला प्रश्न, "बॅटरी गेली तर?" टोयोटा आणि होंडा दोघांकडे हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी आहे. माझ्या हिशोबाने १,६०,००० किमी व्हायला तेरा वर्षं लागतील, म्हणजे माझ्यासाठी ती ८ वर्षांची वॉरंटी आहे. तुमचं रनिंग वर्षाला तीस हजार असेल तर ती सव्वापाच वर्षांत संपते. आपल्याला कुठली मर्यादा आधी लागते ते बघा, आणि वॉरंटीचं पुस्तक शोरूममध्येच उघडून वाचा, बॅटरीचं पान वेगळं असतं आणि बाकी गाडीची वॉरंटी वेगळी.

तंत्रज्ञान नवीन आहे ही भीती काढून टाका. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ ला आली, आपल्याकडेसुद्धा होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली होती (तेव्हा कोणी घेतली नाही तो भाग वेगळा). टोयोटाच्या सिस्टीममध्ये वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच प्लेट नाही. गिअरबॉक्सचं नाव ई-सीव्हीटी असलं तरी साध्या सीव्हीटीसारखा पट्टा नाही, आत गिअरचाच एक संच आहे जो इंजिन आणि दोन मोटरींना एकत्र बांधतो. खराब व्हायला वस्तूच कमी. ब्रेक पॅडपण जास्त टिकतात कारण निम्मं थांबवायचं काम मोटर करते.

आता ज्याला खरंच घाबरायचं ते.

छोटी बॅटरी. मोठीची काळजी करता करता लोक १२ व्होल्टची साधी बॅटरी विसरतात. गाडीचे कॉम्प्युटर तीच जागे करते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी "रेडी", म्हणजे चालू, होत नाही, आणि धक्का मारून चालू करायचा आपला राष्ट्रीय उपाय इथे चालत नाही. गणपतीला दहा दिवस गावी गेलात तर परत आल्यावर हे होऊ शकतं. जंप स्टार्ट कुठून द्यायचा ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

हवेची जाळी. मोठी बॅटरी थंड ठेवायला केबिनमधली हवा खेचली जाते, त्याची जाळी कुठे आहे ते डिलिव्हरीलाच विचारा आणि तिच्यावर पिशव्या, उशा, कुत्र्याची गादी टाकू नका. धूळ बसली तर सर्व्हिसला साफ करून घ्या.

वायरी. केशरी रंगाच्या केबल म्हणजे हाय व्होल्टेज, त्याला कोणालाच हात लावू द्यायचा नाही. आणि बाकीच्या वायरींनासुद्धा नाही. माझ्याकडून हे झालंय: डॅशकॅम आणि अ‍ॅम्बियंट लाइट बाहेरच्या एका दुकानात बसवले, पोराने वायर कापून जोड मारला, दोन आठवड्यांनी डॅशबोर्डवर वॉर्निंग. सर्व्हिस सेंटरने पहिला प्रश्न विचारला "बाहेरून काही बसवलंय का", आणि वॉरंटीतून ते दुरुस्त झालं नाही. पाच हजार गेले, लाइट काढून टाकला. उंदरांचंपण बघा, बेसमेंट पार्किंगवाल्यांनी जाळी आणि स्प्रे दोन्ही करा.

पाणी. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकता नगरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात उभी राहिलेली हायब्रिड चालू करून बघायची नाही, एकदाही नाही, टो करूनच न्यायची. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन घ्या आणि त्यात हायब्रिड बॅटरी-मोटर धरलीय का ते लेखी विचारा.

८. हिशोब

हा माझा, तुम्ही तुमचे आकडे घाला. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं. त्याच गाडीची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक नवीन आहे म्हणून जुनीपेक्षा बरी, गावात १२, हायवेला १५. हायब्रिड गावात २१, हायवेला १९.

गावातले ९,६०० किमी: ८०० लिटर विरुद्ध ४५७. वाचले ३४३.
सातारा २,६०० किमी: १७३ लिटर विरुद्ध १३७. वाचले ३६.

बघितलंत? ३७९ लिटरमधले फक्त ३६ हायवेवर वाचले. दुसरी पायरी आधी करा म्हणाले ती यासाठी.

वर्षाला साधारण ३९,४०० रुपये. मला मिळालेल्या दोन कोटेशनमध्ये ऑन-रोड फरक अडीच लाखाचा होता, म्हणजे साधारण सहा वर्षं चार महिन्यांनी फरक वसूल. माझं रनिंग निम्मं असतं तर पावणेतेरा वर्षं, आणि तेव्हा मी हायब्रिड घेतलीच नसती, गुपचूप साधी पेट्रोल घेतली असती आणि उरलेल्या पैशात घराला रंग दिला असता. सीएनजी प्रति किमी स्वस्त पडतो हे खरं आहे, पण रांगेत उभं राहायची माझी तयारी नव्हती. तुमची असेल तर तोपण हिशोबात धरा.

टॅक्सचं एक कळून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या वरच्या हायब्रिडवर आधी सेस धरून ४३ टक्के होता, तो ४० झाला. पण दीड लिटरपर्यंतच्या साध्या पेट्रोल मोठ्या गाडीवर ४५ होता, तोपण ४० झाला. म्हणजे हायब्रिडला जी दोन टक्क्यांची सवलत होती ती गेली. त्याआधीचे व्हिडिओ, जुने तुलनेचे तक्ते बघून हिशोब करत असाल तर तो चुकणार. इलेक्ट्रिकला ५ टक्केच आहे.

रोड टॅक्स महाराष्ट्रात हायब्रिडला पेट्रोलसारखाच धरा, १० ते २० लाखाला १२ टक्के, २० च्या वर १३. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा हा टॅक्स माफ केला होता, म्हणून काही जण "तिकडून पासिंग करून आणतो" म्हणतात. नादी लागू नका, दुसऱ्या राज्यात कायमची वापरायला लागलात की बारा महिन्यांच्या आत पुन्हा नोंदणी आणि पुन्हा टॅक्स.

९. कोटेशन आणि कागद

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर नको, लेटरहेडवर, प्रत्येक ओळ वेगळी. त्यात "हँडलिंग", "लॉजिस्टिक" असं काही दिसलं की काढायला सांगा, मी नुसतं "हे कशाचं?" विचारलं आणि ओळ गायब झाली. अ‍ॅक्सेसरी पॅक सक्तीचा नाही. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, बाहेरचं कोटेशन दाखवलं की शोरूमचा दर आपोआप खाली येतो. आणि थर्ड पार्टी प्रीमियमवर हायब्रिडला साडेसात टक्के सूट असते, २०२२ च्या नियमाप्रमाणे. रक्कम छोटी आहे पण माझ्या पहिल्या कोटेशनमध्ये ती धरलीच नव्हती.

१० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (शोरूमने आधीच घेतलेला इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो, पॅन नंबर बिलावर बरोबर आहे ना तेवढं बघा.

कागद हे लागले:
- आधार, पॅन, पासपोर्ट फोटो
- पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल आणि आधारवर गावचा पत्ता असेल तर रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, नोटरीवाला नाही. इथे लोक अडकतात
- कर्ज असेल तर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६
- जुनी गाडी एक्सचेंजला देत असाल तर आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोन्ही चाव्या, आणि जुनं कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी

जुन्या गाडीचा फास्टॅग बंद करायला विसरू नका. माझ्या जुन्या गाडीचा नवा मालक दोन वेळा माझ्या पैशाने मुंबईला जाऊन आला.

१०. पासिंगच्या आधी गाडी बघा, पेढ्यांच्या दिवशी नाही

दसरा-पाडव्याला डिलिव्हरी घेणार असाल तर शोरूममध्ये लग्नघर असतं, कोणाला वेळ नसतो. म्हणून नोंदणी व्हायच्या आधीच, यार्डात, उजेडी जाऊन गाडी बघायची. चॅसी नंबरवरून बनल्याचा महिना विचारा. टायरवर छापलेला बनल्याचा आठवडा बघा. पावसाळ्यात यार्डात उभी असेल तर कार्पेटखाली हात घाला. ओडोमीटर पन्नासच्या वर असेल तर का ते विचारा. आणि गाडी "रेडी" करून एसी लावून दहा मिनिटं नुसती उभी ठेवा, इंजिन आपोआप चालू-बंद होतंय ना, कुठली वॉर्निंग येत नाही ना.

काही खटकलं तर तिथेच नाही म्हणा. एकदा नंबर पडला की ती तुमची.

आमच्या गाडीच्या डाव्या दाराला बारीक ओरखडा होता, सेल्समन म्हणाला पॉलिशने जाईल. मी म्हटलं मग आधी घालवा, मी चहा घेऊन येते. दोन चहा झाले, ओरखडा गेला नाही, आणि चार दिवसांनी दुसरी गाडी मिळाली. पाडवा चुकला. सासूबाईंनी अक्षय्य तृतीयेला नारळ फोडला आणि सगळ्यात आधी डिकी उघडून बघितली.